बारा यार्डांवरचा शेवचेंको

गोव्यात राहून फुटबॉलवर लिहायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग समजावून सांगण्यासारखं आहे. ज्या भूमीने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक देशाला दिला, जिथे भात कापून झालं की शेतात चार काठ्या रोवून दोन गोल उभे राहतात, तिथल्या वाचकांना मी काय नवीन सांगणार? तरी संपादक मंडळाने ‘माझा आवडता खेळाडू’ या सदरासाठी विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. माझ्या वयाचे बहुतेक जण मेस्सी किंवा रोनाल्डो म्हणतील. मी म्हणतो आंद्री शेवचेंको, युक्रेनचा.

मिलानचे लोक त्याला लाडाने ‘शेवा’ म्हणत. आपल्याला ते ऐकून न्हावा-शेवाच आठवतं, पण इटलीत तेव्हा या नावाचा दबदबा होता.

त्याचा जन्म २९ सप्टेंबर १९७६ चा, कीव्ह प्रांतातल्या एका खेड्यातला. वडील सैन्यात. तो लहान असतानाच कुटुंब कीव्ह शहराच्या ओबोलोन भागात राहायला आलं. तिथे इमारतींच्या मधल्या जागेत त्याचा खेळ सुरू झाला. क्रीडाशाळेच्या प्रवेशासाठी चेंडू पायाशी ठेवून पळण्याची चाचणी होती, तिच्यात साहेब नापास. पुढे डायनॅमो कीव्ह क्लबच्या माणसाने मुलांच्या एका स्पर्धेत त्याला हेरलं, म्हणून निभावलं. त्याच सुमारास, एप्रिल १९८६ मध्ये, कीव्हपासून साधारण शंभर किलोमीटरवर चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला. शहरातल्या हजारो मुलांना दूर हलवण्यात आलं, त्यांत नऊ वर्षांचा आंद्री होता. त्याची रवानगी आझोव्ह समुद्राच्या काठी झाली. १९९० मध्ये डायनॅमोच्या मुलांचा संघ वेल्समध्ये इयन रशच्या नावाच्या स्पर्धेला गेला. तिथे सर्वाधिक गोल करणाऱ्या या पोराला खुद्द रशने आपले बूट बक्षीस दिले.

मी अभियंता आहे, त्यामुळे त्याच्या गोष्टीतला मला सर्वांत जवळचा माणूस शेवचेंको नव्हे, त्याचा गुरू. वालेरी लोबानोव्स्की. हा गृहस्थही अभियांत्रिकी शिकलेला. १९७० च्या दशकात अनातोली झेलेन्त्सोव्ह या शास्त्रज्ञाला हाताशी धरून त्याने फुटबॉलचं गणित मांडलं. सामना म्हणजे अकरा-अकरा घटकांच्या दोन व्यवस्था. एकेका घटकापेक्षा त्यांचं आपसांतलं नातं महत्त्वाचं. प्रत्येक सामन्यात कोणी किती पास दिले, किती वेळा चेंडू हिसकावला, कुठे चुकला, सगळं मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावायचं. आज प्रत्येक क्लबात आकडेवारीचा विभाग असतो. लोबानोव्स्की हे करत होता तेव्हा आपल्याकडे संगणक बहुतेकांनी फोटोतच पाहिला होता.

या कारखान्यातून बाहेर पडलेला आघाडीवीर कसा असणार? इतर स्ट्रायकर गोलच्या तोंडाशी चेंडूची वाट बघत उभे राहायचे. शेवचेंको मधल्या पट्ट्यापर्यंत मागे येऊन चेंडू हिसकावायचा, डावीकडे निघायचा, तिथून तिरका आत घुसायचा. डावा पाय, उजवा पाय, डोकं, तिन्हींवर सारखा भरवसा. जुन्या चित्रफिती बघताना गोलच्या आधीचे दहा सेकंद बघा, ही माझी वाचकांना शिफारस. गोल तर सगळेच दाखवतात.

लोबानोव्स्की आखातातली कामं आटोपून १९९७ च्या सुरुवातीला डायनॅमोकडे परतला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला बार्सिलोनाच्या घरच्या मैदानावर डायनॅमोने ४-० असा विजय मिळवला. एकवीस वर्षांच्या शेवचेंकोने मध्यंतराआधीच तीन गोल केले होते, चौथा त्याचा जोडीदार सेर्ही रेब्रोव्हचा. १९९९ मध्ये गतविजेत्या रेआल माद्रिदला डायनॅमोने उपांत्यपूर्व फेरीत बाहेर काढलं. दोन सामन्यांत मिळून कीव्हचे तीन गोल, तिन्ही शेवचेंकोचे. उपांत्य फेरीत मात्र बायर्न म्युनिक भारी पडला.

मग एसी मिलान. पहिल्याच मोसमात २४ गोल करून तो इटालियन लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. बचावासाठी नावाजलेल्या त्या लीगमध्ये परदेशातून आलेल्या नवख्याने हे करणं मोठी गोष्ट होती. २००४ मध्ये लीगचं विजेतेपद, पुन्हा २४ गोल आणि वर्षअखेर बॅलन डी’ओर. त्याच्याआधी हा मान मिळवणारे युक्रेनियन दोन, १९७५ मध्ये ओलेग ब्लोखिन आणि १९८६ मध्ये इगोर बेलानोव्ह. तिघेही एकाच लोबानोव्स्कीच्या हाताखाली घडलेले.

पण माझ्या मनात शेवचेंको ठसला तो मोजता न येणाऱ्या जागेवर. पेनल्टीचा ठिपका गोलपासून बारा यार्डांवर असतो. लोबानोव्स्कीची सगळी व्यवस्था तिथे गळून पडते. नऊ साथीदार मधल्या रेषेवर खांद्याला खांदा लावून उभे, आणि तुम्ही एकटे चालत निघता. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एकाच घटकावर सगळा भार येऊ नये म्हणून जिवाचं रान करतो. पेनल्टी शूटआउट म्हणजे नेमकं तेच, मुद्दाम घडवून आणलेलं.

२८ मे २००३. मँचेस्टरमध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, मिलान विरुद्ध युव्हेंटस. एकशेवीस मिनिटांत एकही गोल नाही. शूटआउटमध्ये मिलानची शेवटची किक शेवचेंकोची. समोर बुफॉन. चेंडू ठेवून तो मागे येतो आणि पंचांकडे बघतो, मग गोलकडे, पुन्हा पंचांकडे. शिट्टी वाजली की नाही याची खात्री करून घेणारी ती नजर आजही अंगावर काटा आणते. मग शांतपणे मारलेला फटका, आणि कप मिलानचा. वर्षभरापूर्वीच, मे २००२ मध्ये, लोबानोव्स्की वारला होता. शेवचेंको ते पदक घेऊन कीव्हला गेला आणि गुरूच्या समाधीपाशी ठेवून आला.

दोन वर्षांनी इस्तंबूल. आपल्याकडे मध्यरात्र उलटून पंधरा मिनिटांनी सामना सुरू झाला. मे महिन्याची सुट्टी, म्हणून घरून परवानगी होती. अट एकच, टीव्हीचा आवाज बंद. मध्यंतराला मिलान ३, लिव्हरपूल ०. माझा थोरला चुलतभाऊ “झालं, संपलं” म्हणून झोपायला गेला, तो सकाळपर्यंत ते मानायलाच तयार नव्हता. सहा मिनिटांत तीन गोल फिटले. जादा वेळ संपत आला असताना शेवचेंकोने हेडर मारला, गोलरक्षक येर्झी दुदेकने अडवला. चेंडू पुन्हा शेवचेंकोच्याच पायाशी, गोल दोन पावलांवर. त्याने जोरात मारला आणि तो दुदेकच्या हाताला लागून वर उडाला. कसा, हे मला अजून कळलेलं नाही. शूटआउटमध्ये मिलानची पाचवी किक पुन्हा त्याचीच. चुकली तर सगळं संपणार होतं. दुदेक रेषेवर नाचत होता. फटका बराचसा मधेच गेला आणि त्याने हाताने अडवला. आवाज बंद असलेल्या टीव्हीवर लिव्हरपूलचे खेळाडू धावत सुटलेले मला दिसले.

बहुतेक लेख इथे थांबतात. माझ्या दृष्टीने खरी कारकीर्द इथून पुढे आहे. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला मिलानचा सामना पुन्हा इस्तंबूलमध्येच होता, या वेळी फेनरबाचेशी. निकाल ४-०. चारही गोल शेवचेंकोचे.

आणि २००६ चा विश्वचषक. स्वतंत्र युक्रेनने याआधी मोठ्या स्पर्धांच्या दारात तीनदा प्ले-ऑफ गमावले होते. विश्वचषकाला जाण्याची ही पहिलीच खेप. प्रशिक्षक ब्लोखिन, कर्णधार शेवचेंको. बाद फेरीत स्वित्झर्लंडशी गोलशून्य बरोबरी झाली आणि पुन्हा तेच बारा यार्ड. इस्तंबूलची जखम जेमतेम वर्षाची असताना पहिली किक घ्यायला कर्णधार स्वतः पुढे आला. पुन्हा अडवली गेली! पण कीव्हचा गोलरक्षक शोव्कोव्स्की उभा होता, स्विस संघाला एकही किक आत घालता आली नाही, आणि रेब्रोव्हसह तिघांनी आपलं काम चोख केलं. युक्रेन उपांत्यपूर्व फेरीत. लोक म्हणतात तिथे शेवचेंको चुकला. मला आठवतं ते मधल्या रेषेपासून त्याचं पहिल्यांदा निघणं.

चेल्सीतली वर्षं थोडक्यात उरकतो, कारण त्यांत सांगण्यासारखं फार नाही. सुमारे तीन कोटी पौंड मोजून २००६ मध्ये त्याला नेलं; ७७ सामन्यांत २२ गोल झाले. मधे मिलानमध्ये उसना गेला, तिथे लीगमध्ये एकही गोल नाही. शेवटी २००९ मध्ये तो घरी, डायनॅमोकडे परतला.

घरची शेवटची मोठी रात्र ११ जून २०१२ ची. युरो स्पर्धा, कीव्हचं ऑलिंपिक स्टेडियम, समोर स्वीडन. इब्राहिमोविचने स्वीडनला पुढे नेलं. तीनच मिनिटांत पस्तिशीतल्या शेवचेंकोने बचावपटूच्या पुढे झेप घेऊन डोक्याने बरोबरी साधली, आणि सात मिनिटांनी कॉर्नरवर पुन्हा डोक्यानेच विजयी गोल. देशासाठी १११ सामने, ४८ गोल. त्या स्पर्धेनंतर निवृत्ती, लगेच राजकारणात उडी, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला दोन टक्केही मतं मिळाली नाहीत. ते क्षेत्र त्याचं नव्हतं. प्रशिक्षक म्हणून मात्र त्याने २०२१ मध्ये युक्रेनला युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं. त्या वाटेवर स्वीडनला हरवणारा गोल बदली खेळाडू आर्तेम दोव्बिकने जादा वेळेच्याही भरपाईत केला. हाच दोव्बिक २०२३-२४ मध्ये जिरोनाकडून २४ गोल करून स्पॅनिश लीगमध्ये सर्वांत पुढे राहिला.

आमच्या प्रकल्पात कीव्हचा एक सहकारी आहे, ओबोलोनमध्येच वाढलेला. एकदा बोलता बोलता मी इस्तंबूलचा विषय काढला, तर तो म्हणाला, “त्या रात्री आमच्या इमारतीत कोणीच बोललं नाही.” मी सांगितलं की आमच्या घरीही आवाज बंद होता. तो हसला. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य आत घुसलं तेव्हा त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला. पाच दिवसांनी उजळला. पहिला निरोप कामाचाच होता, एका अपूर्ण राहिलेल्या दुरुस्तीबद्दल.

त्या मे महिन्यात युक्रेन सरकारने मदतनिधी गोळा करण्यासाठी ‘युनायटेड२४’ हा उपक्रम सुरू केला. त्याचा पहिला राजदूत शेवचेंको. ऑगस्टमध्ये देशातली लीग पुन्हा सुरू झाली, प्रेक्षकांविना. पहिला सामना कीव्हच्या त्याच ऑलिंपिक स्टेडियममध्ये झाला, जिथे त्याने स्वीडनविरुद्ध ते दोन हेडर मारले होते. नियम असा की भोंगा वाजला की खेळाडूंनी तळघरात जायचं, धोका टळला की खेळ थांबला होता तिथून पुढे. दुसऱ्याच दिवशी ल्विव्हमधला एक सामना या लपाछपीत संपायला साडेचार तासांच्या आसपास लागले.

जानेवारी २०२४ मध्ये शेवचेंको युक्रेनच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. भोंग्याच्या वेळापत्रकाशी जुळवून घेत लीग चालवणं, हेही आता त्याच्या कामात मोडतं.