ट्रकच्या तेलात पाणी

मंडळी, रेडिएटरातले पाणी रोज कमी होते, पण खाली थेंब पडलेला दिसत नाही. मग ते जाते कुठे? तेल मोजायची पट्टी काढून पाहा. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर पाणी इंजिनच्या तेलात शिरले म्हणून समजा.

खात्रीसाठी गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी तेलाहून जड, म्हणून तळाशी बसते. शिक्षकांनी बाटलीत हे मुलांना जरूर दाखवावे. सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा बोल्ट जरा सैल करा. आधी पाणी आले, की शंका उरली नाही.

आता वाट शोधू. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढा, मग सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील, तर संशय हेड गॅस्केटवर. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर ऑइल कूलर तपासा: चालत्या इंजिनात तेलाचा दाब जास्त, ते पाण्यात जाते, बंद होताच पाणी तेलात येते. दोन्ही नसेल, तर मिस्त्रीने चेंबर उतरवून पाण्याला हातपंपाने दाब द्यावा. लायनरच्या बुडाशी थेंब दिसला, तर रबरी रिंगा गेल्या.

तोवर गाडी मुळीच हाकू नका. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांना सांभाळत नाही. रिंगेचा खर्च मग क्रँकवर जातो.