गुरूच्या खात्यावर

घरातली एखादी मुलगी जोरात पळाली, की आजी कौतुकाने म्हणते, ‘पी. टी. उषाच आहेस अगदी!’ पण त्या उषाला घडवणारे सर कोण, असे विचारले, तर मोठी माणसेही घोटाळतात. ओथयोथ माधवन नंबियार हे त्यांचे नाव. सगळे त्यांना ओ. एम. नंबियार म्हणत.

नंबियार केरळातल्या कोळिकोड जिल्ह्यातले, वडकराजवळच्या मणियूरचे. सुमारे पंधरा वर्षे हवाई दलात नोकरी केली, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचे धडे घेतले आणि आपल्याच मुलखात परतले. १९७६ साली कण्णूरला मुलींसाठी क्रीडाशाळा निघाली. तिथे नंबियार प्रशिक्षक आणि पय्योलीची बारा-तेरा वर्षांची उषा विद्यार्थिनी. मुलगी किडकिडीत, घरची परिस्थिती बेताची. सरांच्या नजरेत भरली ती तिची भरभर चाल. त्या काळी एवढ्याशा मुलीला घरापासून दूर, पळायला शिकण्यासाठी धाडायचे, म्हणजे आईवडिलांचा शिक्षकावर केवढा विश्वास हवा!

पय्योलीत उत्तम धावपट्टी नव्हती, समुद्रकिनारा होता. वाळूत पाय रुततो, प्रत्येक पाऊल जोर लावून उचलावे लागते. सरांनी हाताशी असलेल्या त्या किनाऱ्यालाच शाळा केले.

१९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत प्रथमच होणार होती. नंबियार सरांनी उषाला तिकडे वळवले. अंतिम फेरीत रुमानियाच्या कोजोकारूने ५५.४१ सेकंद घेतले, उषाने ५५.४२. कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. तो शतांश देशाला अजून सलतो. पण एका खेड्यातल्या मुलीला त्या शतांशापर्यंत नेऊन पोचवायला किती पहाटा लागल्या, याचा हिशेब कोणी मांडत नाही. गुरुशिष्य मात्र तिथेच थांबले नाहीत. १९८५ साली जाकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उषाने पाच सुवर्णपदके मिळवली, १९८६च्या सोल आशियाई खेळांत चार.

माझी उमेद बँकेच्या खतावण्यांत गेली. ठेव एकाची आणि व्याज दुसऱ्याच्या खात्यावर, असे तिथे चालत नाही. शिक्षकाच्या बाबतीत मात्र ते सर्रास चालते. १९८५ साली उषाला पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो नंबियारांना मिळाला, कुस्तीचे गुरू भालचंद्र भास्कर भागवत यांच्याबरोबर. नंबियारांची पद्मश्री मात्र जाहीर झाली ती २०२१च्या जानेवारीत, शिष्येनंतर छत्तीस वर्षांनी. १९ ऑगस्टला, वयाच्या ८९व्या वर्षी, सर गेले. दिल्लीतला पद्म सोहळा झाला नोव्हेंबरमध्ये.

तरीही हे खाते कोरडे राहिले असे म्हणवत नाही. उषाने २००२मध्ये स्वतःची धावण्याची शाळा काढली. तिथे घडलेली टिंटू लुका २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावली. शिष्या गुरू झाली, हे व्याज सरांचेच.

आपल्या मुलांच्या शाळेतही खेळाचे एक सर किंवा बाई असतात. आपल्याला गणिताच्या सरांचे नाव ठाऊक असते, त्यांचे नसते. आज जेवताना मुलांना ते जरूर विचारावे.