भुकटीच्या प्रवासाचं गणित

डिजॉक्सिन हे हृदयविकारावरचं जुनं औषध. त्याच्या नेहमीच्या गोळीत प्रत्यक्ष औषध 0.25 मिलिग्रॅम, बाकी सगळी लॅक्टोज, स्टार्च अशी भर. औषध कमी पडलं तर गुण येत नाही, थोडं जास्त झालं तर विषबाधा होते. भुकट्या एकजीव होणं हा म्हणूनच जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे.

आणि भुकटी सहजी मिसळत नाही. डबा हलवला की चिवड्यातलं मीठ तळाशी जातं, तसेच बारीक कण मोठ्या कणांच्या फटींतून खाली घसरतात.

गोळ्यांच्या सलग उत्पादनात मोठ्या पिंपातली बॅच नसते. फीडर वजनावर लक्ष ठेवून भुकटी सोडत राहतात, आडव्या ब्लेंडरमधली पाती ती ढवळत पुढे ढकलतात आणि मिश्रण थेट गोळ्यांच्या यंत्राकडे जातं. ब्लेंडरमधला मुक्काम साधारण एक-दोन मिनिटांचा. फीडरमध्ये नव्यानं माल ओतताना प्रवाह थोडा चुकतो. ही चूक गोळीपर्यंत किती पोहोचेल?

याची किल्ली 1953 साली ब्रिटिश रसायन अभियंता पीटर डँकवर्ट्स यांनी दिली. कुठलाच कण ठरावीक वेळ आत थांबत नाही, कुणी झटकन निघतो, कुणी रेंगाळतो. खुणेचा पदार्थ चिमूटभर टाकून तो दुसऱ्या टोकाला कधी, किती येतो हे निअर-इन्फ्रारेड किरणांनी मोजलं की मुक्कामाचा आलेख मिळतो. आलेख पसरट असेल तर क्षणिक चढउतार आतच विरतात. पण फीडर हळूहळू भरकटत गेला तर ब्लेंडर काही करू शकत नाही. फीडरकडे दुर्लक्ष करून ब्लेंडरवर भिस्त ठेवणं म्हणूनच चूक.

दुसरी पद्धत कंडॉल आणि स्ट्रॅक या संशोधकांची, 1979 सालची, मुळात मातीच्या अभ्यासासाठी केलेली. तिच्यात प्रत्येक कणाची टक्कर संगणक सोडवतो. खऱ्या भुकटीत कण अब्जावधी, म्हणून ते मोठे मानून काम भागवतात. पात्यांची रचना ठरवायला ती उत्तम. चालत्या कारखान्यात मात्र मला डँकवर्ट्स यांचा साधा आलेखच मोलाचा वाटतो.

2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं एचआयव्हीवरच्या प्रेझिस्टा गोळ्यांना बॅचऐवजी सलग पद्धतीची परवानगी दिली. 2022 च्या आयसीएच क्यू13 या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही मुक्कामाच्या वेळेचा हा हिशेब आहे. बिघाड झाला की त्यावरूनच ठरतं, कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंतच्या गोळ्या बाजूला काढायच्या.