थपडेपलीकडच्या ललिता पवार

2020 साली कोरोनाच्या टाळेबंदीमुळे घरात अडकून पडलेल्या कुटुंबांपुढे दूरदर्शनने 28 मार्चपासून 'रामायण' पुन्हा मांडले, आणि त्याच्या तेहतीस वर्षे आधी ज्यांनी ही मालिका शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने बसून पाहिली होती तेच तेव्हा आपल्या मुलाबाळांना जवळ घेऊन ती पाहत होते, हे वाचकांस आठवत असेल. राम, सीता आणि रावण यांच्या नटांविषयी त्या दिवसांत पुष्कळ लिहिले गेले. मंथरेविषयी मात्र, जिच्यावाचून हे महाकाव्य अयोध्येच्या वेशीबाहेर पडलेच नसते, फारसे कोणी लिहिले नाही. सत्तरी गाठलेल्या ज्या अभिनेत्रीने ती मंथरा उभी केली, त्या ललिता पवार यांची जयंती 18 एप्रिलला असते. त्या निमित्ताने हा लेख.

त्या आम्हा खानदेशकरांच्या शेजारच्याच. जळगावहून चाळीसगाव-मनमाडमार्गे किंवा धुळ्याहून मालेगावमार्गे दक्षिणेस उतरले की जे येवले लागते, जे तात्या टोप्यांचे जन्मगाव आहे आणि जिथे 1935 साली डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, त्या पैठणीच्या गावी 1916 साली त्यांचा जन्म झाला. मूळ नाव अंबा. वडील लक्ष्मणराव शगुन रेशमाचे आणि कापसाचे व्यापारी. मूकपटाच्या जमान्यात बालनटी म्हणून त्या चित्रसृष्टीत आल्या, पुढे नायिका झाल्या आणि नुसत्या नायिका होऊन थांबल्या नाहीत: 1932 सालच्या 'कैलास' या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या, आणि 1938 साली त्यांनी 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला तो टॉलस्टॉयच्या कादंबरीचा आधार घेऊन. विशीतली एक मराठी मुलगी रशियन कादंबरी पडद्यावर आणण्यासाठी भांडवल जोखमीत घालते, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या कोणत्याही गप्पांत निघत नाही, याचे मला वाईट वाटते.

गप्पांत निघते ती थप्पड. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात, 1942 साली, मास्टर भगवान यांनी मारलेली चपराक अंदाजाबाहेर जोराची बसली, चेहऱ्याच्या एका बाजूस लकवा आला, डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि तो डोळा कायमचा बारीक झाला. मग तीन वर्षे उपचार झाले, नायिकेच्या भूमिका संपल्या आणि त्या बारीक डोळ्याच्या बळावर हिंदी चित्रपटाला कजाग सासू मिळाली, असे हे आख्यान आहे. अपघात खरा आहे, डोळाही खरा आहे. परंतु बाकीच्या जबानीत मेळ लागत नाही. सांगणारे भगवान यांना त्या वेळचे नवखे नट म्हणतात. वस्तुतः 1938 सालच्या 'बहादुर किसान'च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. तीन वर्षांच्या अज्ञातवासाचे म्हणावे, तर त्याच अवधीत, 1944 साली, प्रभातचा 'रामशास्त्री' प्रदर्शित झाला, आणि त्यात राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई होत्या ललिता पवार.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीची किल्ली या एका भूमिकेत आहे. गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि स्वतः रामशास्त्री म्हणून गाजवलेल्या या चित्रपटाचा विषय 1773 सालचा नारायणराव पेशव्यांचा वध आणि त्या वधाबद्दल प्रत्यक्ष राघोबादादांस दोषी ठरवणारा न्यायाधीश. मराठी माणसाच्या मनात या प्रकरणातले खरे पाप राघोबांच्या पदरी पडलेलेच नाही; हुकमातल्या 'धरावे'चे 'मारावे' करून 'ध'चा 'मा' केल्याचा ठपका दप्तरात सापडो वा न सापडो, शेकडो कीर्तनांनी, नाटकांनी आणि शाळेतल्या गोष्टींनी तो आनंदीबाईंच्या माथी कायम केला आहे. आपल्या इतिहासातील खलस्त्रियांची मोजदाद केली, तर पहिले नाव आनंदीबाईंचेच निघेल. अशी भूमिका करणाऱ्या नटीला दुष्टपणा नुसता चेहऱ्यावर आणून भागत नाही. पतीची महत्त्वाकांक्षा त्याच्याहून आधी ओळखणारी, वाड्यातल्या प्रत्येक दाराची खबर ठेवणारी आणि आपण घराण्याचे हितच पाहत आहोत अशी स्वतःची खात्री असलेली बाई तिला उभी करावी लागते. पुढे शांतारामबापूंच्या 'दहेज'मधील सासू काय, 'जंगली'मधील कोणाला हसू न देणारी श्रीमंत आई काय आणि शेवटी कैकेयीच्या कानाशी लागणारी मंथरा काय, या साऱ्याजणी त्याच वंशातल्या आहेत. त्यांपैकी एकीलाही आपण दुष्ट आहोत असे वाटत नाही, आणि म्हणूनच त्या खऱ्या वाटतात. येवल्याच्या दक्षिणेस अगदी जवळ असलेल्या कोपरगावी राघोबादादांचा अंत झाला. त्याच परिसरात जन्मलेल्या मुलीच्या कानावर आनंदीबाईंची कहाणी बालपणीच गेली नसेल, हे मला पटत नाही.

मग थपडेचेच आख्यान एवढे का टिकले? याचे कारण असे, की दुय्यम भूमिका करणाऱ्याचे यश आपण त्याच्या कर्तृत्वाच्या खाती सहसा जमा करीत नाही, त्याला दैवाचा दाखला जोडतो. हॉलिवूडमध्येही हेच झाले. वॉल्टर ब्रेनन या नटाने एका अपघातात पुढचे दात गमावले आणि चाळिशीच्या आसपासच तो बोळक्या तोंडाचे म्हातारे रंगवू लागला. भूमिका दातांसह हवी की दातांवाचून, असे तो दिग्दर्शकालाच विचारी, असे सांगतात. साहाय्यक भूमिकांसाठी ऑस्कर देण्यास 1936 सालच्या चित्रपटांपासून आरंभ झाला, आणि पहिल्या पाच वर्षांत ब्रेननने ते तीनदा पटकावले. दात पुष्कळांचे पडतात. तीन ऑस्कर दातांमुळे मिळत नाहीत. आपल्याकडे तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मासिक पगारावर नटांना बांधून ठेवणाऱ्या स्टुडिओंची घडी विसकटू लागली होती आणि चित्रपटागणिक करार करण्याची पद्धत रूढ होत होती. नायिकेची सद्दी चार-सहा वर्षांची, तर सासू, आत्या, घरमालकीण, दाई यांची गरज प्रत्येक निर्मात्याला. ज्या बाईने दोन चित्रपटांची निर्मिती केली होती तिला हा हिशेब समजला नसेल काय? त्यांनी केलेल्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते. एवढा पसारा दुखापतीच्या आधाराने उभा राहत नाही.

आणि सासूपणाच्या पलीकडेही ही बाई केवढी होती! 1955 सालच्या 'श्री 420'मध्ये त्या फुटपाथवर केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत. नुकताच मुंबईत आलेला राज कपूरचा राज केळ्यांचा भाव विचारतो आणि घासाघीस करताना भाव उतरवण्याऐवजी चढवतो. आणि गिऱ्हाईक म्हटले की भाव पाडणारच, या उभ्या जन्माच्या सवयीने गंगामाई त्यालाही साफ नकार देते. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखातल्या प्रेक्षकाने हा प्रसंग मुद्दाम पाहावा. केळ्यांची फणी विकणाऱ्या बाईचा तो करडा, सावध सूर, समोरच्याचे बोलणे पुरते ऐकण्याआधीच निघणारे ते 'नाही', आपल्या आठवडे बाजारात आजही ऐकू येते. त्या सुराखालची माया मात्र लगेच उघड होत नाही. ती हळूहळू पाझरते, आणि चित्रपट संपेपर्यंत या फुटपाथवरच्या बिऱ्हाडाची आई तीच ठरते. त्या वेळी ललिताबाईंचे वय अवघे एकोणचाळीस, राज कपूरपेक्षा त्या जेमतेम आठ वर्षांनी मोठ्या. तरीही गंगामाईच्या तोंडी 'बेटा' हे संबोधन कुठेही उपरे वाटत नाही.

हृषीकेश मुखर्जींनी हे मर्म नेमके हेरले. 'अनाडी'मध्ये त्यांनी ललिताबाईंना मिसेस डिसा केले: भाडेकरू राजला उठता-बसता बोल लावणारी, आणि त्याला कळू न देता त्याच्या पोटापाण्याची काळजी वाहणारी गरीब ख्रिस्ती घरमालकीण. सदोष औषधाने तिचा बळी जातो आणि खुनाचा आळ नेमका राजवर येतो. तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात जो खड्डा पडतो तो आधीच्या तासाभरातील त्या रागावण्याची कमाई आहे. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि 1961 साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. पुढे 'आनंद'मध्ये मुखर्जींनी त्यांना रुग्णालयाची मेट्रन केले आणि आडनाव पुन्हा डिसाच ठेवले.

तथापि मला स्वतःला सर्वांत थोर वाटते ती 1962 सालच्या 'प्रोफेसर'मधील पालक आत्या. खोटी दाढी लावून शिकवणीस आलेल्या शम्मी कपूरच्या पोक्त प्रोफेसरावर ही कर्मठ, शिस्तीची स्त्री उतारवयात मन जडवून बसते. कथा विनोदी आहे आणि तिची टवाळी करण्यास तिथे पुरेपूर मुभा होती. हलक्या दर्जाच्या नटीने ती घेतलीही असती. ललिताबाईंनी त्या अनुरागाला लाज दिली, संकोच दिला आणि प्रतिष्ठा दिली. ज्या चेहऱ्याला अपघाताने कुरूप केले म्हणतात, तो चेहरा प्रेमाच्या पहिल्या चाहुलीने कसा उजळतो हे पाहिल्यावर थपडेची गोष्ट पुन्हा सांगण्याची कोणाची छाती होऊ नये.

24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी आणि नाट्यमंडळांनी 'रामशास्त्री', 'श्री 420' आणि 'प्रोफेसर' हे तीन चित्रपट याच क्रमाने दाखवावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. 'रामशास्त्री' आधी, कारण तरुण प्रेक्षकाने त्यांची जरब प्रथम ओळखावी. 'प्रोफेसर' शेवटी, कारण ती जरब अंगी असलेली स्त्री हळवी होते तेव्हा काय घडते, हे त्यावाचून पुरते उमगणार नाही.