दोन घरांची काळजी

मुलांनो, गावात बाळ जन्मले की तिसऱ्या दिवशी एक बाई घरी येते. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असते. ती आधी साबणाने हात धुते. मग बाळाचे वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते. बाळ दूध नीट पिते का, हे आईला विचारते. ही आपल्या गावची आशाताई.

घरी जाऊन बाळाला तपासण्याची ही पद्धत आपल्याच भागात तयार झाली, हे तुम्हांला ठाऊक आहे का? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. तेथे जंगल दाट आणि दवाखाने दूर. आजारी बाळ दवाखान्यात पोहोचण्याआधीच दगावत असे. म्हणून 1995 पासून 39 गावांत, गावातल्याच पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना हे काम शिकवण्यात आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले. देशात 2005 साली आशा योजना सुरू झाली आणि 2011 साली हे काम आशाताईंकडे आले. बाळ दवाखान्यात जन्मले, तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या. घरी जन्मले, तर पहिल्या दिवशीची एक भेट अधिक.

भेटीचे दिवस ठरलेले असतात. पण आशाताईलाही स्वतःचे घर असते. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायची असतात. पावसाळ्यात धानाची रोवणी असते. पाणी, चूल, लहान मुले, म्हातारी माणसे हे तर रोजचेच.

समजा, आज एका बाळाचा सातवा दिवस आहे आणि आजच तिच्या सासूला ताप भरला आहे. भेट चुकली, तर बाळाचा आजार वेळेवर कळणार नाही. भेटीला गेली, तर सासूला औषध-पाणी कोण देणार? अनेक घरांत याचे उत्तर लगेच मिळते : "आज मुलगी शाळेत जाणार नाही." भाऊ मात्र दप्तर घेऊन निघतो. मुलीच्या नावापुढे हजेरीपटावर गैरहजेरी लागते. असे दिवस वाढत गेले, की तिचा अभ्यास मागे पडतो आणि एक दिवस शाळाच सुटते.

ही अडचण केवळ आशाताईची नाही. 2019 साली देशात लोकांच्या वेळेची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि पुरुष 97 मिनिटे. म्हणजे स्त्रियांचे घरकाम तिपटीहून अधिक. या कामाला मजुरी नसते, म्हणून ते कामच नव्हे असे आपण समजतो. पण रोजगार हमीचा 2005 चा कायदा पाहा. कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी, असे त्यात सांगितले होते. मूल सांभाळणे हेही श्रमाचेच काम आहे, हे कायद्याने मान्य केले.

मग उपाय काय? आशाताईंना पुरेसा आणि वेळेवर मोबदला मिळाला पाहिजे, लहान मुलांसाठी गावात पाळणाघर हवे. हे शासनाचे काम आहे. पण घरातील वाटणी आपल्या हातात आहे. भेटींचे दिवस भिंतीवर लिहून ठेवता येतात. त्या दिवशी वडिलांनी चूल पाहावी, भावाने पाणी भरावे, शेजाऱ्यांनी आजीजवळ बसावे. मुलांनो, भात शिजवल्याने किंवा आजीचे पाय चेपल्याने कोणाचा मान कमी होत नाही.

2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशाताईंचा गौरव केला. तुमच्या घरीही गौरवाची एक सोपी रीत आहे. आई दुसऱ्याच्या बाळासाठी बाहेर पडेल, तेव्हा तिला म्हणा, "तू जा, घर आम्ही पाहतो." आणि त्या दिवशी बहिणीलाही शाळेत जाऊ द्या.