स्टेअरिंग कधी थरथरतं?

सकाळी 9. होटगी रस्त्यावरच्या गॅरेजचं शटर उघडलं की आधी कॉम्प्रेसर चालू करायचा, मग बॅलन्सिंग मशिनचा शाफ्ट पुसून घ्यायचा. शाफ्टवर कचरा राहिला तर चाक मधोमध बसत नाही आणि मशिन खोटे आकडे दाखवतं. हस्ताचा पाऊस नुकताच होऊन गेलाय, नवरात्र चालू आहे. आज रानातून आलेल्या गाड्या असणार, नाहीतर तुळजापूरहून परतलेल्या.

9.30. मंद्रूपकडचे एक काका. "मिस्त्री, अलाइनमेंट करून टाका. ऐंशीच्या वर स्टेअरिंग लई थरथरतंय." मी विचारतो : हाताला जाणवतं का सीटला? सारखं, का ब्रेक मारल्यावर, का रेस दिल्यावर? ही उत्तरं मिळेपर्यंत मी पान्याला हात लावत नाही. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. तेवढ्यानं ती थरथरत नाही. थरथर हाताला आली तर संशय पुढच्या चाकांवर, बैठकीला आली तर मागच्या.

काकांच्या हाताला येत होती. पुढचं डावं चाक काढून उलटं केलं, तर रिमच्या आत काळ्या रानातला चिखल एकाच अंगाला वाळून घट्ट बसलेला. ज्वारीच्या पेरणीसाठी गाडी बांधापर्यंत नेली होती. एवढ्याशा मातीनं काय होतं, असं काकांना वाटलं. हिशेब असा : 185/65 आर 15 टायरचा घेर जवळपास 1.95 मीटर. ताशी 90 किलोमीटरला तो सेकंदाला सुमारे 13 वेळा फिरतो. रिमच्या कडेला 20 ग्रॅम जादा असले, तर या वेगाला प्रत्येक फेऱ्यात साधारण अडीच किलोचा हिसका बसतो. वेग निम्मा केला की हिसका चौथाईवर येतो. म्हणून गाडी गावात शांत असते आणि हायवेला लागली की हात बधिर करते. चिखल खरवडला, चाक धुतलं, मशिनवर लावून पुन्हा बॅलन्स केलं. अलाइनमेंटचे पैसे घ्यायचं कारणच नव्हतं.

11.30. तुळजापूरचा घाट उतरून आलेली गाडी. एरवी ठीक, ब्रेक दाबला की पेडल आणि स्टेअरिंग दोन्ही हादरतात. सगळे म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. उतारभर ब्रेक दाबून धरला, तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर कुठे जास्त, कुठे कमी चिकटला, आणि पॅड आता तिथेच धडकतो. मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या एक-दोन शंभरांश हिश्शांचा फरक दिसला तरी हादरा द्यायला तो पुरेसा असतो. डिस्क लेथवर घासून घेता येते, पण किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली जाणार असेल तर नवीच घालायची. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो.

दुपारी 2. डबा. कडक भाकरी, शेंगा चटणी.

3. दोन गाड्या पटकन उरकल्या. एकीला फक्त रेस दिल्यावर थरथर, पाय काढला की बंद : एक्सलचा आतला जॉइंट झिजलेला. दुसरीची घरघर एका बाजूला वळताना वाढायची : व्हील बेअरिंग.

5. आजची खरी काळजीची गाडी. दुसरीकडे पुन्हापुन्हा बॅलन्सिंग करून घेतलेली, तरी थरथर कायम. शिवाय तिशीच्या वेगालाही पुढून डुलते. मशिनवर चाक लावलं, आकडा शून्य. वजन बरोबर आहे, पण चाक गोल आहे का, हे साधं मशिन सांगत नाही. मग खडू धरायचा आणि टायर हातानं सावकाश फिरवायचा. खडू एकाच जागी लागला. आतला तारांचा पट्टा सुटून तिथे टायरला फुगवटा आलेला. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना रस्ता त्यात भर घालतो. बाजूवरचा चार आकडी शिक्का 2318 होता, म्हणजे 2018 सालच्या 23व्या आठवड्यातला टायर.

कुटुंब उद्या हैदराबादला निघणार होतं. "एवढी ट्रिप करून आलो की बदलतो," गृहस्थ म्हणाले. मी स्पष्ट नाही म्हटलं. असा टायर हायवेवर फुटतो आणि गाडीत लहान मुलं असतात. त्यांना हात लावून फुगवटा दाखवला, तेव्हा पटलं. दोन नवे टायर मागे घातले, मागचे चांगले पुढे आणले. नवे मागेच घालावेत, ओल्या रस्त्यावर मागचं अंग घसरलं तर गाडी सावरत नाही.

6.30. हायवेला नेऊन 60, 80, 100 असा वेग वाढवत पाहिलं. हात स्थिर, सीट स्थिर. नट समोरासमोरच्या क्रमानं टॉर्क पान्यानं आवळलेलेच आहेत, तरी त्यांना सांगून ठेवलं : प्रवासाला निघाल्यावर पन्नासेक किलोमीटरवर चहाला थांबाल, तेव्हा नट एकदा पुन्हा तपासून घ्या.