अक्षर चुकलं, की विमान चुकलं

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले. पुढे जी एअर इंडिया झाली, तिची ही सुरुवात. विमान होतं एका इंजिनाचं, डी हॅविलँड कंपनीचं ‘पस मॉथ’. त्यावर अक्षरं होती व्हीटी-एडीएन. पस मॉथ जगात पुष्कळ होती. त्यांतलं जेआरडींचं कोणतं, हे सांगतात ती ही पाच रोमन अक्षरं. ‘व्हीटी’ म्हणजे भारत, ही खूण ब्रिटिश काळापासून आजतागायत चालू आहे.

या विमानाची छोटी प्रतिकृती करणाऱ्या मुलाचं खरं काम प्लॅस्टिकचे भाग जोडून झाल्यावर सुरू होतं. ‘ध’चा ‘मा’ झाला तर काय होतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. आणि उर्दूत ‘खुदा’ आणि ‘जुदा’ यांत फरक असतो तो एका नुक्त्याच्या जागेचा. म्हणजे अक्षर बरोबर हवं, आणि ते आपल्या जागीही हवं. विमानाच्या बाबतीत त्याचं मापही बरोबर हवं.

आधी माप. छोट्या विमानांसाठी १:७२ हे प्रमाण फार चालतं, कारण त्यात सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंच होतो. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार नागरी विमानाच्या अंगावरची नोंदणीची अक्षरं किमान ३० सेंटिमीटर आणि पंखाखालची किमान ५० सेंटिमीटर उंच लागतात. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश, रेषेची जाडी एक षष्ठांश. ३० सेंटिमीटरला ७२ने भागलं, की ४.२ मिलिमीटर येतात. १:४८च्या प्रतिकृतीवर तेच अक्षर सव्वासहा मिलिमीटरचं होतं.

पण आजचा नियम १९३२च्या विमानाला लावून चालणार नाही. तिथे जुनं छायाचित्रच कामाला येतं. विमान अगदी बाजूने दिसत असेल असं छायाचित्र घ्यावं. समजा, त्यात विमान १५० मिलिमीटर लांब आहे आणि अक्षर ९ मिलिमीटर उंच. म्हणजे अक्षर लांबीच्या सहा टक्के. आपल्या प्रतिकृतीची लांबी मोजावी, तिचे सहा टक्के काढावेत, की माप हाती आलं. पस मॉथची लांबी २५ फूट, म्हणजे १:७२मध्ये १०६ मिलिमीटर. अक्षर येईल सुमारे साडेसहा मिलिमीटरचं. विमान तिरकं दिसत असेल, तर हा हिशेब फसतो.

रंगाच्या बाबतीत मात्र जुन्या छायाचित्रावर फार विसंबू नये. त्या काळच्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे. तो काळा उमटे आणि निळा फिकट. त्यामुळे छायाचित्रातलं काळं अक्षर लालही असू शकतं. लेखी वर्णनाचा आधार मिळाला, तरच रंग पक्का धरावा.

आता अक्षरं मिळवायची कुठे? यवतमाळसारख्या गावात पहिल्यांदा आठवतो तो दुचाकीवर नंबर टाकून देणारा रेडियमवाला. त्याचा हात सफाईदार असतो, पण त्याची चिकटपट्टी साधारण ०.०८ मिलिमीटर जाडीची. ७२ने गुणलं, तर खऱ्या विमानावर जवळजवळ सहा मिलिमीटर जाडीचा थर होतो! मोठ्या प्रतिकृतीवर ते खपून जातं, छोटीवर डोळ्याला टोचतं.

त्यासाठी डेकलचा कागद लागतो. लहानपणी पाण्यात भिजवून वहीवर सरकवायची चित्रं असत, तोच हा प्रकार. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर अगदी पातळ पापुद्रा आणि त्यावर छपाई. संगणकावर नेमक्या मापाची अक्षरं मांडून ती घरच्या छपाईयंत्रावर या कागदावर उतरवता येतात. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, म्हणून वरून वॉर्निशचा हात द्यावा लागतो. मात्र घरच्या यंत्रात पांढरी शाई नसते. गडद रंगावर पांढरी अक्षरं हवी असतील, तर ती तयारच मागवावीत. केशरी, पिवळे रंगही पारदर्शक उमटतात. खाली पांढरं नसेल, तर मळकट दिसतात.

आधी साध्या कागदावर छापून, कापून, विमानावर धरून पाहावं. खात्री पटली, की पृष्ठभाग चकचकीत रंगवून घ्यावा. खरबरीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी डाग दिसतात. डेकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवून अलगद सरकवावं.

मुलं विचारतील, एवढ्याशा अक्षरासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना सांगावं, की पंख आणि चाकं विमानाचा प्रकार सांगतात. ते कोणाचं होतं आणि कुठे उडालं, हे अक्षरं सांगतात. ती चुकली, तर आपल्या हातात दुसऱ्याच कोणाचं तरी विमान उरतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)